उत्तर आलं नाही

सातवी पायरी लिहून संपली तेव्हा चैतालीने फोन बघितला. नवऱ्याचा, ललितचा मेसेज होता. डायलिसिस झालं, मेल बघितला, काही नाही.

रोजचंच होतं ते. तिने फोन पालथा ठेवला आणि पुन्हा लिहायला घेतलं. शेखर सरांनी बजावलं होतं की सोमवारपासून रजा हवी असेल, तर मेल पाठवणाऱ्या कोडची माहिती आज लिहून द्यायची. नवख्या माणसाने नुसतं वाचून ते चालवलं पाहिजे. रजा कशासाठी ते कॉलेज रोडच्या त्या सगळ्या ऑफिसला माहीत होतं. डायलिसिसची सुई टोचायला ललितच्या हाताची शीर आता साथ देत नव्हती. किडनी बदलायची तर दिवाळीच्या आत बघा, असं डॉक्टर म्हणाले होते.

द्यायला चैताली एका पायावर तयार होती. तिची जुळत नव्हती, तीच तर पंचाईत.

आणि नशीब बघा, ती ज्या कोडवर बसली होती ते त्याच कामाचं. एका ट्रस्टची वेबसाइट. घरात किडनी देणारा आहे पण जुळत नाही, अशी कुटुंबं तिथे नाव नोंदवतात. दोन घरांची अदलाबदल जमली की कोड दोघांनाही मेल पाठवतं. कुणावर दबाव नको म्हणून ट्रस्ट फोन करत नाही. सात दिवसांत उत्तर आलं नाही की नकार समजायचा आणि पुढच्या घराला विचारायचं. ललितचं नाव तिथे दहा महिने होतं. दहा महिने तो सकाळ-संध्याकाळ मेल उघडत होता, स्पॅमसुद्धा चाळत होता.

घरचाच पेशंट यादीत, म्हणून चैतालीला नावं बघायची मनाई होती. तिने कधी डोकावलंही नव्हतं. मधे घुसायचं नाही, हा तिचा बाणा.

आठवी पायरी होती पाठवलेल्या मेलच्या नोंदींची. नमुना द्यावा म्हणून तिने एका घराच्या नोंदी उघडल्या. नाव झाकलेलं, फक्त तारखा. जानेवारीत मेल पाठवला, उत्तर नाही. एप्रिलमध्ये पाठवला, उत्तर नाही. गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा. उत्तर नाही, संधी पुढच्या घराला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारच्या निलोफरला तिने स्क्रीन दाखवली.

“तीनदा जुळली यांची. तीनदा. आणि दोन ओळी लिहायला वेळ नाही. इथे आम्ही एकीसाठी तडफडतोय.”

असतील कुणी साधे लोक, मेल उघडत नसतील, असं निलोफर म्हणाली. चैतालीला काही दया आली नाही. मनातल्या मनात तिने त्या घराला लाखोली वाहिली.

तेवढ्यात ललितचाच फोन आला. आवाज पार खोल गेला होता, पण थट्टा सुटत नव्हती. चार वर्षांपूर्वी साइट बनत होती तेव्हा तो ठणठणीत होता, आणि तुझ्या ऑफिसच्या मेलनी माझा इनबॉक्स भरलाय म्हणून कुरकुरायचा.

“आता पाठव की एखादा,” तो म्हणाला. “आता नाही कुरकुरणार.”

ती हसली. फोन ठेवून बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली.

मग तोंड धुऊन तिने नववी पायरी घेतली. मेल सुटण्याआधीच्या सहा ओळी. चार वर्षांत त्यांना कुणी हात लावला नव्हता. वाचत वाचत तिने लिहिलं: ‘चाचणीच्या वेळी आम्ही घरच्यांचे पत्ते वापरत होतो. त्यांना उगाच मेल जाऊ नयेत म्हणून इथे त्या पत्त्यांची यादी टाकली. यादीतल्या पत्त्याला कोड मेल पाठवत नाही, पण नोंदीत पाठवला असंच लिहितं. साइट सुरू होताना ही यादी काढायची होती. राहून गेली आहे.’

कोण शहाणा विसरला, म्हणत तिने यादी उघडली.

दोनच पत्ते होते. पहिला शेखर सरांच्या आईचा. दुसरा ललितचा, आणि यादी करणाऱ्याच्या जागी नाव होतं, चैताली.