दीड सूत

"हे कोणी बनवलं?" मशीनवरच्या मुलीने विचारलं. तिच्या हातात शिशाचा पातळ पत्रा होता, मधोमध भोक पाडलेला.

"ज्याला येतं त्याने," सासरे टेबलावर पडल्यापडल्या म्हणाले. "तुमचं ते कुत्र्याने कुरतडल्यासारखं होतं. नाकावर घ्यायची मलाच लाज वाटायची."

बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभ्या असलेल्या सुनेने डोळे मिटले.

सासऱ्यांच्या नाकपुडीवर मसुराएवढा डाग होता. कॅन्सरचाच, पण वेळेत सापडलेला. कापून घ्या, नाहीतर वीस वेळा येऊन किरणं घ्या, असं डॉक्टर म्हणाले होते. सुरीचं नाव निघताच सासरे खुर्चीवरून उठले होते आणि सुनेला माझं नाक कापायचंय, असं भरल्या दवाखान्यात सांगून मोकळे झाले होते. तेव्हापासून किरणं. दर वेळी आधी सोनोग्राफीने आतलं चित्र बघायचं, मग शिशाच्या पत्र्याने आजूबाजूचा भाग झाकायचा आणि भोकातून मारा करायचा.

आज सहावी खेप. पाचव्या खेपेला त्यांनी दवाखान्यातला पत्रा गुपचूप खिशात घातला होता, हे आत्ता उघड झालं. जन्मभर पत्र्याची कामं केलेला माणूस. दुकानात बसून त्यांनी नवा कापला आणि जुना भट्टीत टाकला. नवा नाकाच्या उंचवट्यावर असा बसत होता, जणू तिथेच उगवला असावा. भोकाची कड दुमडून गुळगुळीत केलेली. घरातला पिठाचा डबा, बाळाच्या अंघोळीचा मग, त्यांच्या हातच्या कशाचीच कड आजवर कुणाला लागली नव्हती. बोलणं तेवढं लागायचं.

"आजोबा, भोक लहान झालंय."

"लहान नाही, नेमकं झालंय. डाग आहे तेवढं. तुम्ही सगळीकडून दीड सूत जास्त कापलं होतंत. असलं काम मी दिलं असतं तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकलं असतं. आणि आजोबा म्हणू नकोस. तुझ्या आजीची नि माझी ओळख नाही."

मुलीने त्यांच्या नाकाला गार जेल लावलं, यंत्राचं टोक टेकवलं आणि पडदा त्यांच्याकडे फिरवला. राखाडी थरांमध्ये एक काळा ठिपका होता. तो गोल नव्हता. गालाच्या बाजूला कातडीखालून त्याला शेपूट फुटलं होतं. वरून दिसतो तेवढाच डाग नसतो, म्हणून भोक मुद्दाम चार-पाच मिलिमीटर मोठं ठेवतात, असं तिने सांगितलं. या नव्या पत्र्याखाली ते शेपूट झाकलं गेलं असतं. मग वर्षभरात सगळं परत, आणि तेव्हा सुरीच.

सून पडद्याकडे बघत राहिली. पहिल्या दिवशी तिनेच गालाकडे बोट दाखवलं होतं, बाबा, इथली कातडी वेगळीच चकाकतेय म्हणून. तुला या घरात डागच दिसतात, ते म्हणाले होते, भांड्यांवर, भिंतींवर, आता माझ्या तोंडावर. त्यानंतर आठवडाभर त्यांनी तिच्या हातून ताट घेतलं नव्हतं.

मुलीने कोरा पत्रा काढला, पेनाने रेघ मारली आणि छोट्या कात्रीने कापायला घेतला. कात्री घसरली. सासरे उठून बसले.

"ठेव ती. नखं काप तिने."

पिशवीतून त्यांची स्वतःची कातर निघाली. मुलगी म्हणाली, कापा, पण रेघ माझी, मोजल्याशिवाय मशीन सुरू करणार नाही. त्यांनी मान हलवली आणि रेघेच्या चांगलं आत कातर घातली.

"बाबा." सुनेचा आवाज चढला. "परत आत कापताय. नाक तुमचं असेल, पण पुढचं सगळं निस्तरायचं मला आहे."

"दुमड कुठून काढू? तुझ्या माहेरून?"

त्यांनी मान वर केली नाही. कडेला बारीक बारीक खाचा पाडल्या, अंगठ्याने एकेक पाकळी उलटी वळवली, दाबली. वळलेली कड फिरत फिरत बरोबर रेघेवर येऊन थांबली. मुलीने वाकून पट्टीने मोजलं. दोनदा मोजलं. मग पत्रा घेतला आणि म्हणाली, दुमडायची गरज नव्हती, इथे कुणाला लागणार?

"रोज कोण उचलतं हे?" ते म्हणाले आणि आडवे झाले.

तिने त्यांच्या डोळ्यांवर झाकणं ठेवली, नाकावर पत्रा बसवला. सून अजून जागची हलली नव्हती. तिच्या खांद्यावर बाळ स्वतःशीच काहीतरी पुटपुटलं.

"अजून इथेच?" टेबलावरून आवाज आला. "अक्कल गहाण ठेवलीय का? त्याला घेऊन बाहेर हो आधी. लांब उभी राहा."

जाड दार बंद झालं. बाहेर छोट्या पडद्यावर ते दिसत होते, डोळे झाकलेले, पहिल्यांदाच गप्प. सगळ्या चेहऱ्याचा भोकातला तुकडा तेवढा उघडा होता. डाग, आणि त्याच्या शेजारची दीड सूत चकाकणारी कातडी.