सुंठवडा

राष्ट्रपती पुरस्कार मिळवणारी गावातली पहिली गाईड म्हणून सत्यशीलाचा शाळेत सत्कार ठरला, तेव्हा तो गावकारभारी रायभान आबांच्याच हातून व्हावा, असा हट्ट तिनंच धरला.

सत्काराच्या दिवशी सकाळी सुंठ कुटत बसलेल्या लेकीकडं आई बघतच राहिली. “अगं, हनुमान जयंतीला तू डाव्या हातानं सुंठवडा दिला, तर भरल्या देवळात फटका मारून त्यांनी तो मातीत पाडल्ता. ‘डावरी, अवलक्षणी’ म्हणले तुला. इसरलीस व्हय?”

“न्हाई ना इसरले. म्हणून तर तेच पाहिजेत.”

सत्काराला सारं गाव लोटलं. आबांनी शाल घातली आणि हसून उजवा हात पुढं केला. गणवेशातल्या सत्यशीलानं उजव्या हातानं तीन बोटांची सलामी दिली आणि मिळवायला डावा हात पुढं केला. आबा घुटमळले.

“आबा, आमच्या स्काउट-गाईडमध्ये डावाच हात मिळवतात,” ती माइकसमोर गोड आवाजात म्हणाली. “मोठमोठ्या साहेबांनी बी मला डावाच दिला.”

टाळ्या सुरू झाल्या. आबांनी डावा हात दिला. फोटो निघेपर्यंत तिनं तो सोडला नाही. मग देवापुढं ठेवून आणलेली सुंठवड्याची पुडी तिनं डाव्या हातावर उलगडली.

“घ्या, मारुतीरायाचा परसाद.”

परसादाला गावादेखत नाही कसं म्हणणार? आबांनी चिमूट तोंडात टाकली आणि त्यांना जोराचा ठसका लागला. सत्यशीलानं लगबगीनं पाण्याचा पेला पुढं केला.

तोही डाव्याच हातानं.