भोंग्याचा सूर

स्टुडिओच्या तळघरात मेव्हिस कंडक्टरच्या गणवेशात बसून गाण्याची पहिली ओळ मनात घोळवत होती. सिनेमात ती गायिका व्हायला निघालेली बसकंडक्टर होती, आणि सिनेमाबाहेरही तीच. युद्धामुळे कपड्यांचं रेशनिंग, म्हणून गणवेशही घरचाच.

सकाळपासून दोन टेक वाया गेले होते. आवाज खणखणीत, पण पियानो वाजवणाऱ्या लबककाकांशिवाय पहिला सूर काही केल्या लागत नव्हता. तिसऱ्याची तयारी झाली आणि शत्रूची विमानं आल्याचा भोंगा झाला. सगळी मंडळी खाली धावली. आता फिल्म उरली होती एका टेकपुरती, आणि स्टुडिओ आजच लष्कराच्या ताब्यात जायचा होता. ट्रक फाटकाशी येऊन थांबले होते.

"या खेपेला चुकलीस, तर गाणंच कापतो," दिग्दर्शक पेनरोज म्हणाले.

"नाही चुकणार. लबककाकांनी पियानोवर सूर दिला की झालं."

"तुझे लबककाका बाँबने आग लागते का ते बघायला छपरावर पहाऱ्याला बसलेत. म्हातारा उतरेपर्यंत लष्कर आत असेल, बाई!"

मेव्हिसला वाटलं, पियानोशिवाय गायचं म्हणजे मरणच.

तेवढ्यात भोंगा झाला. मघाचा रडका, वरखाली होणारा नव्हे. धोका टळल्याचा, एकाच सुरातला, सरळ. लोक थर्मास आणि विणकाम आवरू लागले. मेव्हिस मात्र कान देऊन उभी राहिली. गाण्याचा पहिला सूर हाच! मग तोंड मिटून तोच सूर गुणगुणत तिने जिना गाठला.

"अगं, झालं काय तुला?" पेनरोज मागे धावत म्हणाले.

तोंड उघडलं तर सूर निसटेल. तिने नुसतंच दिव्यांकडे बोट दाखवलं. पेनरोज काय ते समजले.

"दिवे लावा! कॅमेरा!"

"साहेब, भोंगा आत येतोय!" आवाजाच्या यंत्रावरचा आल्फ ओरडला.

"येऊ दे!"

मेव्हिस गायली. बसच्या वरच्या मजल्यावरच्या उतारूंना तिकिटं विचारावीत तितक्या बिनधास्तपणे गायली. भोंगा दमला, त्याचा सूर घरंगळत खाली गेला. ती सुरावरून हलली नाही.

गाणं संपलं. आल्फने कानावरचं यंत्र काढलं. "पहिली ओळ भोंग्यासकट आलीय. थिएटरात लोक काय म्हणतील?"

मेव्हिसने टोपी नीट केली. तिला बसवरची पाळी गाठायची होती.

"म्हणतील, चला, वाचलो. आता गाणं ऐकू या."