कानामागची पट्टी

शाळेतून आली की शाल्मली रिकामा डबा ओट्यावर ठेवायची आणि कानामागची पट्टी काढून आईच्या हातात द्यायची. दिवसभरात पोरीच्या मनाला लागलेलं सगळं त्या पट्टीत शोषलेलं असे. माधवी ती स्वतःच्या कानामागे लावून जिरवायची. बालवाडीपासूनचा हा नेम. दहा वर्षांत पोर एकदाही रडली नव्हती.

आजची पट्टी अगदीच कोरी निघाली.

"आज काहीच झालं नाही?"

"चैत्रालीला आम्ही सगळ्यांनी मिळून चिडवलं. तिचे बाबा सोडून गेलेत ना, त्यावरून."

"तूसुद्धा?"

"मीच सुरुवात केली. केवढी रडली ती! आई, रडताना आत नेमकं काय होतं गं?"

माधवीने बराच वेळ आठवून पाहिलं, पण तिलाही आठवेना.

"हातपाय धुऊन ये," ती म्हणाली. "पोहे गार होतायत."