पहिली टाळी

हॉलच्या मॅनेजरने खुर्ची पुढे केली, पण व्हायोलिनवाले बसले नाहीत. दारवानाला दारावरून हलवायची अक्कल कोणाची, असं त्यांनी उभ्यानेच विचारलं.

वय झालं, गुडघे धरलेत, मॅनेजर म्हणाला, म्हणून आतल्या खोलीत बसून फोनवर तिकिटं नोंदवायचं काम दिलं. पगार तोच, वर पंखा. तर सकाळी त्यांनी राजीनामाच आणून टेबलावर ठेवला.

ठेवणारच. व्हायोलिनवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. हा हॉल बर्फाचा कारखाना होता तेव्हा हा मॅनेजर पाळण्यातही नव्हता. एकेचाळीस वर्षांपूर्वी इथे पहिला कार्यक्रम झाला, त्या दिवसापासून दारवान दाराशी उभा होता. बोलणं मोजकं. आपण बोललो की तोंडाकडे टक लावून बघायचा, आणि कार्यक्रम सुरू झाला की नजर रंगमंचावरून हलायची नाही. वाजवणं संपलं की पहिली टाळी त्याची, मग बाकीच्यांची. हा नियम कोणी लिहिला नव्हता आणि कोणी मोडलाही नव्हता. भल्याभल्या कलावंतांना त्याने ताटकळत ठेवलं होतं. सगळे त्याला 'हॉलचा कान' म्हणायचे.

आणि त्या कानाला हे आता फोन लावणार होते.

"मी विशीतला होतो," व्हायोलिनवाले म्हणाले. "माझा पहिलाच कार्यक्रम. वाजवून झालं आणि कोणी हलेना. पुन्हा व्हायोलिनला हात लावायचा नाही, असं तिथेच ठरवलं मी. तेवढ्यात दाराकडून टाळी आली. त्या एका टाळीवर तीस वर्षं वाजवतोय. तो नसेल तर मीही इथे वाजवणार नाही."

मॅनेजर नरमला. दाराशी स्टूल देऊ, पण त्यांना परत आणा, म्हणाला.

व्हायोलिनवाले तडक निघाले. नाक्यावर दारवान पाठमोरा बसमध्ये चढताना दिसला. त्यांनी तीन हाका मारल्या, पण त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. एवढ्या अपमानानंतर कोण बघेल? ते पुढच्या बसने त्याच्या घरी पोचले.

दार बायकोने उघडलं. दारवान आत अंघोळीला गेला होता. फोनचं काम रद्द झालं, दारावरची जागा परत मिळाली, हे ऐकून तिने पदराने डोळे पुसले.

"मग येतील उद्यापासून," ती म्हणाली. "कालपासून जेवले नाहीत. फोनची धास्तीच घेतली होती."

"धास्ती कसली, वहिनी? अपमान आहे हा. असा कान दुसऱ्या कोणाला आहे?"

ती जराशी गोंधळली.

"तुम्हाला ठाऊक नाही? ते बर्फाच्या कारखान्यातच कामाला होते. यंत्र फुटलं तेव्हा दोन्ही कान गेले, म्हणून तर पुढे हॉल झाल्यावर मालकांनी दारावर ठेवून घेतलं. वाजवणाऱ्यांचे हात थांबले की त्यांचे चेहरे बघतात आणि टाळी वाजवतात."

व्हायोलिनवाले दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. त्यांनी विचारलं, "आणि माझी टाळी?"

"तुमचं तर अजून सांगतात," ती हसून म्हणाली. "पोरगा रडायच्या बेताला आला होता, म्हणून वाजवली."