चार्जर राहिला

"तुमचं कार्ड तेवढं काढून घ्या," संध्या म्हणाली. "जुना नंबर नको आम्हाला."

चिंतामणीने जुना नोकिया उघडून सिमकार्ड काढलं. नवा कॅमेऱ्याचा फोन त्याने टीपॉयवर मुद्दाम दिसेल असा ठेवला होता. सोनिवलीच्या त्या नव्या बिल्डिंगमध्ये असा फोन अजून कोणाकडेच नव्हता.

नवऱ्याचा मार खाऊन घर सोडलेल्या बायकांच्या संस्थेसाठी संध्या जुने फोन गोळा करायची. आज संस्थेत एक नवी बाई येणार होती. तिच्या हातात फोन पडेपर्यंत संध्याच्या जिवात जीव येणार नव्हता.

"कुठेशी आहे तुमची संस्था?"

"पत्ता नाही सांगत आम्ही."

"बरोबर आहे. नवरे येऊन तमाशे करत असतील." चिंतामणी हसला. "हिलाच देणार होतो हा फोन. पण ही घरातच तर असते, कोणाला करणार?"

त्याची बायको बकुळा पदर खांद्यावरून घट्ट ओढून उभी होती. तिने संध्याचं पुठ्ठ्याचं खोकं उचललं. "फडक्यात गुंडाळून ठेवते फोन," म्हणत ती आत गेली. फडकं सापडायला तिला बराच वेळ लागला. तेवढ्यात टीव्हीवर दोन विकेट पडल्या, त्यामुळे चिंतामणीच्या ते ध्यानात आलं नाही.

खोकं बाहेर आलं ते चिकटपट्टी लावून. संध्याला ते उचलवेना.

"द्या इकडे, ताई." इनिंग संपली होती, त्यामुळे साहेब खुशीत होते. बिल्डिंगला लिफ्ट अजून बसायची होती. तीन मजले उतरून त्याने खोकं रिक्षात टाकलं आणि घाम पुसला. "च्यायला, अख्ख्या बदलापूरचे फोन भरलेत की काय?"

"देतात हो लोक," संध्या म्हणाली आणि तिने कपाळावर हात मारला. "अहो, चार्जर राहिला! त्याच्याशिवाय फोनचा काय उपयोग?"

चिंतामणीने वर तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. "मी नाही आता परत उतरत. हिला पाठवतो."

"बाळा, रिक्षा बंद नको करू," संध्या रिक्षावाल्याला म्हणाली. जिन्यावरून तिची नजर हटत नव्हती.

बकुळा आली. हातात चार्जर, पाय अनवाणी. ती संध्याशेजारी बसली आणि रिक्षा निघाली.

बुवापाडा मागे पडला तेव्हा कुठे दोघींना मोकळा श्वास घेता आला. बकुळा रडता रडता हसायला लागली. संध्याने चिकटपट्टी काढली. खोक्यात ठासून भरलेल्या सगळ्या साड्या, दहावीचं सर्टिफिकेट, आईचा फोटो आणि फडक्यात गुंडाळलेला एकच फोन होता. तो तिने बकुळाच्या हातात ठेवला.