वेताळावरची लाल रेघ

"आता मी सांगतो त्याच्यावर कोनी इश्वास ठेवनार नाय, आनि ठेवूही नका," गोमाकाका म्हणाला. "हा वेताळ खरा नाय. मशिनने बनवलेला हाय."

पाटावरचं सोंग उचलायला वाकलेला कुंडलिक तसाच राहिला. मागे पायरीवर त्याची बायको जना हळदकुंकवाची वाटी धरून धापा टाकत बसली होती.

बोहाड्याचा उत्सव तोंडावर आला होता. गावात देवादिकांची सोंगं नाचायची, आणि वेताळाचा हा लाकडी मुखवटा पिढ्यान् पिढ्या ह्याच घरात होता. नाचणाऱ्याच्या हातातल्या टेंभ्यांची काजळी खाऊन खाऊन तो तव्याच्या बुडासारखा झाला होता. गेल्या साली संबळाच्या पहिल्याच ठेक्याला गोमाकाकाचे गुडघे बसले, तेव्हा यंदा सोंग पुतण्याने, कुंडलिकने घ्यायचं, असं गावाने ठरवलं.

कुंडलिकला मानाची हौस नव्हती. त्याला जना पुन्हा हिंडती फिरती हवी होती. मुरबाडच्या एका कंपनीत ती कामाला जायची तेव्हा संध्याकाळी भुवयांपर्यंत पांढरी होऊन यायची. "कंपनीत जातेस का गिरणीत गो?" म्हणून तो चिडवायचा. मग खोकला लागला. काम सुटलं, खोकला सुटला नाही. शहापूरच्या डॉक्टरने दमा म्हटलं. गाव म्हणालं, वेताळाचा कोप, घरातलं तरणं माणूस सोंग घेत नाय म्हणून. कुंडलिकने नवस केला: जना उठून बसू दे, अनवाणी नाचेन.

ती उठून बसली होती. आता नवस फेडायचा राहिला होता.

"काका, थापा नको," कुंडलिक म्हणाला. "म्हशाच्या जत्रेत विकलेला तुमचा बैल एकटा घरी आला, ते ऐकलंय मी."

"आलाच होता! वाटेत टपरीपाशी थांबून आला. ते राहू दे. पावसात ह्याला वाळवी लागली रे. नाक माझ्या हातात आलं."

"मग हे नाक कसलं?"

"डिंकाने चिकटवलं ना आधी! मग पोत्यात घातला आनि नेला मुरबाडला. माझ्या मेव्हण्याचा जगदीश तिथे गाड्यांचे पार्ट तपासायचा. त्याने टेबलावर ठेवला. अंधार केला. मग आली एक लाल रेघ, केसाएवढी. कपाळावरून उतरली, नाकावरून, दातांवरून. आनि तिकडे टीव्हीत वेताळ उभा! मानेमागून बघ, हनवटीखालून बघ, फिरवशील तसा फिरतो. दुसऱ्या मशिनने लाकडात कोरून दिला. कानाची चीरसुदीक सोडली नाय."

"आनि ही काजळी?"

"ती माझ्या चुलीची. नवा कोरा देव लोकांना दाखवू कसा? धुरात टांगला होता."

"खरा कुठाय?"

"तानसा धरणाच्या पाण्यात सोडला. आता मुंबईवाले पितात वेताळ."

"जगदीशला विचारतो मी."

"विचार की. तो गेला चाकणला, पत्ता गावला तर मलापन सांग."

कुंडलिक मागे वळला. "असं मशिन असतं का गो?"

"असतं," जना म्हणाली. "लाल रेघच असते."

गोमाकाकाच्या भुवया वर गेल्या आणि लगेच खाली आल्या.

कुंडलिकने मुखवट्यावर हात ठेवला. थाप म्हणावी तर बायकोच साक्ष देत होती. नुसत्या लाकडाचा तुकडा तोंडाला बांधून नवस फेडायचा? वेताळ फसेल? आणि नाही फसला, तर राग कोणावर काढेल? त्याच्या डोळ्यांपुढे जनाची रात्रभर वरखाली होणारी बरगडी आली.

"न्यायचा तर ने," गोमाकाका हळू आवाजात म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "पन तुझ्या घरात आजारी मानूस हाय. मला काय, माझ्यावर कोप झालाच हाय. सोंग मीच घेतो. गुडघे गेले तर जातील. खऱ्या वेताळाची माफी मागून पुढच्या साली नवा करू, मग तू नाच."

कुंडलिकने हात मागे घेतला. बोटं काळी झाली होती, ती त्याने धोतराला पुसली. "चल गो," तो म्हणाला.

जना उठली नाही.

"मामंजी," तिने विचारलं, "रेघ फिरली तेव्हा तुमी तिथंच होता?"

"ह्या डोळ्यांनी बघितलं."

"आधी पुसला असंल ना त्याला? रंग दिला असंल?"

"देवाला कोन पुसतो गो? जगदीशला बोट लावू दिलं नाय मी. काळाकुळकुळीत होता तसा ठेवला, आनि तसाच्या तसा टीव्हीत आला!"

जनाला खोकल्याची उबळ आली. भिंत धरून ती थांबली, मग पाटाजवळ आली. वाकून तिने वेताळाच्या काळ्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवलं.

"काळ्यावरची रेघ त्या मशिनला दिसतच नाय, मामंजी. आधी पांढरी पावडर फवारून सगळं पिठासारखं करावं लागतं," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "कंपनीत ती फवारायला मीच होते. उचला तुमी देव, खराच हाय. आनि नवसाचं राहू द्या, माझ्या छातीत जे बसलंय ते ह्याने नाय बसवलं."